बोलणारं कथिल

नेकनूरचा एक गाडीवान माजलगावच्या बाजारात आला, तेव्हा त्याच्याकडून कळलं की सखाराम ओतारी गेला. मी दुकानात ज्वारी मोजत होतो. ते गिऱ्हाईक आटोपलं आणि मगच खाली बसलो. त्याला आता तीन आठवडे झाले.

सखाराम घंटा ओतायचा. तांब्यात कथिल घालून कासं करायचं, एवढं कुणालाही ठाऊक असतं. पण कथिल खरं की त्यात शिसं मिसळलंय, हे त्याला कानाने कळायचं. कांडी कानाशी धरून वाकवायचा. खरी असली की ती किरकिरायची. "कथलाच्या पोटात खडीसाखरेवानी रवे असत्यात. ते घासले की बोलत्यात. शिसं मुकं," असं तो सांगायचा. मी हसायचो, कारण ज्वारीसोबत कथिलही विकत असलो तरी मला वजनापलीकडे धातूतलं काही कळत नव्हतं.

चकलांब्याच्या महादेवाची घंटा त्याच्याकडे आली, तेव्हा कथिल माझ्याच दुकानातून गेलं. हैदराबादहून आलेल्या त्या कांड्या जरा जड लागल्या होत्या. मनात पाल चुकचुकली, पण माल घेऊन बसलो होतो... बोललो नाही. सखारामने कांडी वाकवली, मान हलवली आणि घेऊन गेला. त्याला कमी ऐकू येऊ लागलं होतं, हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

देवळासमोर घंटा टांगली. टोल दिला तर आवाज फुटक्या घागरीसारखा बद्द. लोक एकमेकांकडे बघू लागले. सखारामला आवाज कळला नाही, चेहरे कळले. त्याने घंटेला तळहात लावून पुन्हा टोल द्यायला लावला. थरथर हातात टिकेना. मग त्याने घण मागवला, घंटा स्वतः फोडली आणि तुटलेली कड उन्हात धरली. रव्यांमध्ये शिशाचे राखाडी ठिपके होते. मी चार हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाटलांना म्हणाला, "कान गेलेत माझे. मला पारखता आलं न्हाई."

त्यानंतर त्याला कुणी घंटा ओतायला दिली नाही. उरलेली वर्षं तो भांड्यांना कल्हई करत फिरला. मला लाज वाटायची, आणि लाजेपोटी मी त्याला कथिल देताना उगाच जास्त बडबडायचो. एकदा न राहवून विचारलं, तू माझं नाव का घेतलं नाहीस?

"घेऊन काय व्हणार व्हतं? तुझं दुकान बसलं असतं. माझे कान तर गेलेलेच व्हते."

एवढं बोलून त्याने नवी कांडी माझ्या हातात दिली. "तूच वाकव. आयकून सांग." पुढे दर खेपेला हेच. मी कांडी कानाशी धरायचो, ती किरकिरली की मान हलवायचो, आणि तो काही न तपासता पिशवीत टाकायचा. ज्याने फसवलं त्याच्याच कानावर त्याने अखेरपर्यंत भरवसा ठेवला.

चकलांब्याच्या मंडळींनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. ते शिसं माझ्या दुकानातलं होतं. त्या दिवशी देवळासमोर मला सगळं ऐकू येत होतं.