एका दोरीचे दोन ताण

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. आजवर का बोललो नाही, ते कळेलच.

हिंगणघाटात मी बारावीच्या मुलांची फिजिक्सची शिकवणी घेतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. शिकवणीच्या दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.एस्सी. आहे, जरा मोठ्याच अक्षरात. त्याचा मला अभिमान आहे. अजूनही.

अल्लीपूरहून कांचन यायची. पुस्तकातली यांत्रिकीची सगळी गणितं तिनं दिवाळीआधीच संपवली. मग रोजचं एकच — "सर, याच्याहून कठीण द्या ना. हे तं सारे सुटून राह्यले." तिला इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती. आणि मला? मला तिची भीती वाटायला लागली होती. तिला पुरेल असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं — हे कोणत्या तोंडानं सांगणार?

नागपूरच्या मित्राकडून मोबाइलवर कठीण गणितं मागवली. त्यातलं एक फळ्यावर उतरवलं, स्वतः न सोडवताच. कप्पीवरून दोरी, दोन टोकांना दोन वजनं. नेहमीचंच वाटलं.

कांचन उठली, सोडवू लागली. दोरीच्या दोन बाजूंना तिनं वेगवेगळे ताण धरले. मी तर कायम दोन्हीकडे एकच ताण धरायला शिकवत आलेलो.

"काऊन वं, एका दोरीत दोन ताण? मधात गाठ मारली काय?" मी म्हणालो.

वर्ग हसला. मीही हसलो. तिचं सगळं डस्टरनं पुसून टाकलं. त्या दिवसापासून पोरं तिला 'दोनताणी' म्हणू लागली — मी कधी थांबवलं नाही.

संध्याकाळी गणित पुन्हा वाचलं. कप्पी जड होती. जड कप्पी फिरवायची तर एका बाजूचा ताण जास्त असावाच लागतो. गणितात ते स्पष्ट दिलं होतं. मीच नीट वाचलं नव्हतं. उद्या वर्गात सांगू, म्हटलं. उद्या — मग परवा. शिकवणीला आलो की आधी दारावरची ती बी.एस्सी.ची पाटी दिसायची.

कांचननं पुन्हा कठीण गणित मागितलं नाही. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. "आपलं काम नाई ते," असं मैत्रिणीला म्हणाली म्हणे. बी.ए.ला गेली.

यंदा तिची धाकटी बहीण येते. तशीच हुशार. तिचंही पुस्तक संपत आलंय. आता मागेल, आता मागेल — मी रोज धसका घेऊन बसतो. परवा शेवटी मीच विचारलं, कठीण गणितं आणू का?

"नाई सर. ताई म्हणे, सर देते तेवढंच सोडवजो."

कांचनचे दोन्ही ताण बरोबर होते. मला हे त्याच संध्याकाळपासून माहीत आहे.