एका सुरात सुधारलेली चूक

मंडळी, आज दुपारचं जेवण गेलं नाही.

स्वातंत्र्याआधी आमच्या भाईंदरच्या शाळेत कुणाचा इंग्रजी उच्चार चुकला, की अख्खा वर्ग बरोबर शब्द एका सुरात ओरडायचा. कवितेसारखी लय असायची त्याला! तोच खेळ मी हौसेनं पणतवंडांना शिकवला.

सकाळी त्यांची आई, म्हणजे माझी नातसून, आतल्या खोलीत फोनवर नोकरीची मुलाखत देत होती. एक उच्चार चुकला. हॉलमधून दोघं गरजली, "एक्स्पीरियन्स!"

ती 'सॉरी' म्हणाली, मग तिला पुढे बोलताच येईना.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आजोबा, मुलांना जरा खाली न्यायचंत ना."

पणती अजून विचारतेय, "पणजोबा, आम्ही बरोबरच बोललो ना?"