खाऊनपिऊन सुखी

गावोगाव फिरून घराघरांची कमाई अन् खर्च लिहून घेणाऱ्या माणसाला लोक 'पोटमोज्या' म्हणत. वीस वर्षांत त्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण फॉर्म तसूभर बदलला नाही. मागच्या सात दिवसांत काय खाल्लं?

"रोज कोंबडी," एकटी राहणारी म्हातारी म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. तिच्यामागचं खुराडं रिकामं होतं.

"रोग आला रे. सहा मेल्या, त्या पुरल्या. उरलेल्या सात मरायच्या आत एकेक करून कापल्या. अंडी विकूनच तर तेल-मीठ आणत होते मी."

कारण लिहायला फॉर्मात जागा नव्हती. एकदा त्यानं ते कडेला लिहिलं होतं, तर साहेब खेकसला होता, "कादंबरी लिहितोस का?"

घरचं खाल्लं तरी बाजारभावानं कमाईत धरायचं, हा नियम. त्यानं सात कोंबड्या धरल्या. कागदावर म्हातारी गावात सगळ्यांच्या वर गेली.

"आता पुढच्या आठवड्यात येऊन विचार की!"

"या घराची पाळी पाच वर्षांनी, आजी."

"मग आत्ताच लिहून टाक," ती म्हणाली, "म्हातारी खाऊनपिऊन सुखी होती."