मी भरलेला विडीचा रकाना

माझ्या नवऱ्याच्या तपासणीच्या कागदावर ‘विडी : हो’ असं लिहिलेलं आहे. अक्षर वळणदार आहे, माझंच आहे, आणि लिहिलेलं धडधडीत खोटं आहे. त्या माणसानं उभ्या जन्मात विडीचा एक झुरका छातीत घेतला नाही. हे त्याच्या बायकोला माहीत नसेल तर कोणाला असणार?

तर ही बायको तेव्हा काय करत होती ते सांगते. पंचविशीची होते, दहावी पास होते, आणि गावात दुसरी दहावी पास बाई नसल्यामुळे स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते. गडचांदूरच्या पलीकडं चुनखडीच्या खदानीला लागून दगड फोडून गिट्टी, म्हणजे खडी, करणारा क्रशर होता. नवरा तिथं कामाला. कामगारांची छाती तपासायला शहरातून एक डॉक्टर आले. त्यांना आमची बोली कळेना म्हणून लिहायला मला बसवलं. मी गेले कडक इस्त्रीची साडी नेसून, त्या पांढऱ्या फुफाट्यात! मानेला असा ताठा, की ती पंचविशीची आज भेटली तर पाठीत धपाटा घालीन तिच्या.

नाव, वय, कामाची वर्षं, खोकला आणि शेवटी विडी, एवढे रकाने होते.

आता तिथलं विडीचं प्रकरण ऐका. मुकादम पाणी प्यायला सोडायचा, पण लगेच परत. कंबर धरली म्हटलं तर हसायचा. ‘विडी मारून येतो’ म्हटलं की मात्र दहा मिनिटं माफ. कारण तो स्वतः ओढणारा, तेवढी एकच तलफ त्याला कळायची. मग काय, सगळेच विडीवाले झाले. वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक पळसाचं झाड होतं, धूळ तिकडं जात नसे. खरे ओढणारे तिथं ओढत. बाकीचे नुसती पेटवून बोटात धरत आणि जरा बरी हवा घेऊन परत येत. माझ्या नवऱ्याची एक विडी दोन-दोन दिवस पुरायची. श्वास घ्यायचा परवाना होता तो.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, “आपण धूम्रपान करता का?”

शेजारी मुकादम उभा. नवऱ्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“होय जी. ओढतो.”

माझं पेन थांबलं. तो हळूच म्हणाला, “लिव ना वो, काऊन थांबली?”

मी लिहिलं. त्याची दहा मिनिटांची सुट्टी जाऊ नये म्हणून लिहिलं असं आज सांगितलं तर बरं दिसेल, पण तसं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, माणसानं उत्तर दिलं, तेच खरं. घरचं इथं आणायचं नाही, हा माझा शहाणपणा. इमानदारीचा पुतळा बसला होता खुर्चीवर! ओळीतल्या जवळपास सगळ्यांपुढं मी ‘हो’ लिहिलं. ज्यांची छाती पार गेली होती ते ओळीत नव्हतेच, घरी खाटेवर होते. त्यांच्या दारात कोण जाणार? आणि घरी आल्यावर मी नवऱ्याला काय सांगितलं, तर डॉक्टरांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. मूर्ख पोट्टी.

काही महिन्यांनी निकाल आला. कामगार खोकतात, कारण कामगार विडी ओढतात. वा! धूळ सगळ्यांच्या छातीत आणि विडी सगळ्यांच्या कागदावर. बिनविडीचा माणूसच शिल्लक नाही, तर धुळीनं किती नेलं हे ताडून पाहणार कोणाशी? क्रशरच्या ठेकेदाराला हेच हवं होतं. फाटकावर ‘विडी सोडा’ची पाटी लागली. धुळीवर पाणी मारायची सोय होणार होती, ती राहिली. आणि आमच्याच तब्येतीच्या नावाखाली विडीची सुट्टी बंद झाली. झाडाखालची दहा मिनिटंसुद्धा गेली.

पुढं नवऱ्याला चार पावलं चालवेना, तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरानं जुना कागद पाहिला.

“बाबा, विडी फार ओढली ना?”

“कधीच नाई ओढली जी.”

डॉक्टर हसला. “सगळे असंच म्हणतात.”

मी बाजूला उभी होते. मी म्हटलं, ते मी लिहिलं, चुकीचं लिहिलं. तो म्हणाला, “बाई, आता घाबरून काहीबाही सांगू नका.” नवरा गेला तो विडीबाज म्हणून गेला. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

विडी चांगली असं मी म्हणत नाही. ओढणाऱ्याच्या छातीवर दोघी मिळून बसतात, विडी आणि धूळ. पण एकीला फाटकावर टांगायचं आणि दुसरीला खुशाल उडू द्यायचं, हा कुठला न्याय?

माझा मुलगा आता त्याच क्रशरवर आहे. हिवाळ्यापासून खोकतो. यंदा पुन्हा तपासणीवाले आले. त्यातली एक पोरगी, हातात टॅब, आमच्या अंगणात येऊन बसली. तिनं मुलाला विचारलं, “दादा, विडी?”

आणि हा खरोखर ओढतो! रोज एक कट्टा, म्हणजे अख्खं बंडल.

‘नाई म्हन,’ एवढं माझ्या अगदी ओठावर आलं. बापाच्या वेळी खोटं ‘हो’ लिहिलं, आता खोटं ‘नाई’ लिहून फिट्टंफाट करावी. जीभ चावली. पुन्हा तोच मूर्खपणा, उलट्या बाजूनं.

“लिव माय, ओढतो,” मी म्हटलं. “रोज किती, कधीपासून, सगळं लिव. आन धुळीत किती वर्षं उभा हाये, ते बी लिव.”

मुलगा चिडला. “माय, साऱ्या खोकल्याचं खापर विडीवरच फोडतील ना मंग!”

त्याचं खरं होतं. त्याच्या एकट्याच्या छातीत काय विडीचं आणि काय धुळीचं, हे कोण सांगणार? मी पोरीला विचारलं, “क्रशरवर गिट्टी वेचतात, झाडतात, त्या बायांले विचारलं का? त्यायनं कधी विडीले हात नाई लावला.”

“आजी, त्या ठेकेदाराच्या यादीत नाहीत.”

“मंग खोकून राह्यल्या त्या कोनाच्या यादीत?”

पोरगी टॅबात पुन्हा यादी पाहू लागली. मी तिचा हात धरून तिला शेजारच्या घरी नेलं. तिथली बाई आठ वर्षं क्रशर झाडते. विडी? नाई. तंबाखूचा खर्रा? नाई. नवरा ओढतो का? तोही नाई. खोकला? उत्तर द्यायच्या आधीच तिला उबळ आली आणि ती उंबऱ्यावर बसली. नंतर बोलली मात्र मोकळी, कारण मुकादम आसपास नव्हता.

टॅबात तिचं नाव टाकायला जागा नव्हती. पोरीनं पिशवीतून वही काढली, रेघा मारल्या आणि मला म्हणाली, “अजून कोण आहेत? बोलवा.”

मी रस्त्यावर उभी राहून हाका मारायला लागले.