न्यू टॉर्गरचा कोबी

मार्लिस टोस्ट्रुड माझ्या वर्गात होती. आवाज इतका बारीक की हजेरीत "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजेरी मांडायच्या.

आमच्या विस्कॉन्सिनात शाळेला छप्पर नसलं तर एकवेळ चालेल, पण मॅस्कॉट हवा. म्हणजे सामन्यात संघापुढे नाचणारं सोंग. प्राथमिक शाळेत आम्ही 'आनंदी खारी' होतो, तोवर ठीक होतं. हायस्कुलात गेलो आणि 'लढाऊ कोबी' झालो. आमच्या न्यू टॉर्गर गावात कोबी आंबवायचा कारखाना होता, शाळेचे बाक त्याच कारखान्याने दिलेले. मग दुसरं काय होणार? आजूबाजूच्या गावांत अस्वलं, गरुड, लांडगे आणि आमचा हा गड्डा. वारा कारखान्याकडून वाहू लागला की पाहुण्या संघाला खेळाआधीच मळमळायचं, एवढाच काय तो फायदा.

एकाहत्तर साली बर्डसॉलच्या 'बैलां'शी सामना होता आणि कोबी होणाऱ्या ड्वेनचा पाय मोडला. शिवणाच्या वर्गात कोबीच्या सोंगाची पानं सांधायचं काम मार्लिसकडे असे. तिने पानं सांधली आणि गुपचूप आत शिरली. मी बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. पाठीमागची चेन लावायला तिने मलाच बोलावलं.

"अगं, सोंग मुलानेच घ्यायचं असा नियम आहे," मी म्हटलं.

"चेन लाव, आर्लेन. नियम मी नंतर वाचते."

तसा कोबी गावाने आधी पाहिला नव्हता. तो गडगडत मैदानात आला, पंचांच्या मागे त्यांच्यासारखाच पोट काढून चालला, पाहुण्यांच्या बाकापुढे जाऊन मेल्याचं नाटक करून पडला. म्हाताऱ्या हसून हसून रडल्या. बर्डसॉलच्या बैलाला ते सहन झालं नाही. तो शिंगं रोखून आला आणि शिंग पानांत असं अडकलं की बैल ओढतोय, कोबी फिरतोय, आणि खेळाडू खेळ सोडून बघतायत. शेवटी टरकन शिवण उसवली आणि आतून लाल तोंडाची मार्लिस बाहेर आली.

बैलाने सोंगाचं डोकं काढलं. आत गॉर्डी फ्लम नावाचा किडकिडीत मुलगा होता. "माफ करा, मॅडम," तो म्हणाला.

सोमवारी शाळा मंडळाची तातडीची सभा बसली. गणिताला वर्षभर शिक्षक नव्हता, त्यावर कधी बसली नव्हती. मुख्याध्यापक हॅकबार्थ गंभीरपणे म्हणाले, "कोबी हा पुरुष आहे. परंपरा आहे तशी."

मार्लिसचे वडील मागून उठले. "जन्म गेला माझा कोबी लावण्यात. अजून एकालाही विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही कुठे बघितलंत, सर?"

मंडळाने विषय पुढे ढकलला आणि तो विसरण्यात एकमत झालं. उरलेली दोन वर्षं मार्लिसच कोबी होती. एकदा ती मला म्हणाली, "आत मला कोणी बघत नाही, आणि सगळे मलाच बघतात. बाहेर आले की नेमकं उलटं होतं."

पुढे आम्ही दोघंही अध्यापक महाविद्यालयात गेलो. तिथलं सोंग भारदस्त, जिवंत मेंढा. नाव 'सिनेटर'. त्याची दोरी धरायचं काम अर्थातच मार्लिसकडे आलं. सिनेटर बॅण्ड वाजला की झोपायचा, जागा झाला की झेंडा खायचा, आणि पदवीदान समारंभात प्राचार्यांच्या बरोबरीने पहिल्या रांगेत बसायचा. "दोघांतला कोण घोरतोय ते मला सांगावं लागतं," मार्लिस म्हणायची. सुट्टीत गॉर्डी मेंढ्यासाठी ओट्स घेऊन यायचा. मेंढ्यासाठी इतकं लांब कोण येतं हे त्या मेंढ्यालाही कळलं असेल. दोघांनी लग्न केलं. दोन्ही गावांतून आहेर कमी आणि टोमणे जास्त आले.

मार्लिसने जन्मभर तिसरीच्या मुलांना शिकवलं, आणि आवाज असा कमावला की भिंतीपलीकडचा वर्गही गप्प व्हायचा. निवृत्तीनंतर ती शाळा मंडळावर निवडून आली, ती नेमकी मुलं आटल्यामुळे न्यू टॉर्गर आणि बर्डसॉलच्या शाळा एक करायच्या वेळी. एकत्र बस, एकत्र खानावळ, सगळं पटापट मंजूर झालं. अडलं ते सोंगावर. भावाभावांचं बोलणं बंद झालं. चर्चमध्ये बैलवाले डावीकडे आणि कोबीवाले उजवीकडे बसू लागले. खुद्द मार्लिसच्या घरात नाश्ता शांततेत होऊ लागला.

मग मिलवॉकीहून एक सल्लागार बोलावला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, "प्राणी आणि भाज्या भूतकाळात गेल्या. आजच्या पिढीला ऊर्जा हवी. तुमचं नाव, 'वादळ'."

"वादळाला पाय असतात का हो?" मार्लिसने विचारलं. "आत शिरायचं कसं?"

"मॅडम, ती संकल्पना आहे."

"मी कोबीत नाचलेय. संकल्पनेत नाचता येत नाही."

मंडळावरच्या, बर्डसॉलच्या आर्डिस क्रूगरने टाळी वाजवली, पण ती सल्लागारासाठी होती. मतदानात मार्लिस एकटी पडली. वादळ म्हणून एका करड्या गोणपाटाला चंदेरी झिरमिळ्या लावल्या. लांबून ते धुतलेल्या फरशीपुसण्यासारखं दिसे.

पहिल्याच सामन्याला आभाळ पश्चिमेकडून, आमच्याकडे तुफानाआधी होतं तसं, हिरवट झालं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस ओरडला, "वादळ आलं! वादळ आलं!"

सगळे उठून उभे राहिले आणि जल्लोष करू लागले. बॅण्डने सूर धरला. तो बिचारा घसा फोडून सांगतोय, "खरं वादळ! तळघरात जा!" आणि लोक पाय आपटून म्हणतायत, "वादळ! वादळ!" झिरमिळ्यांचं सोंग तर आनंदाने गिरक्या घेऊ लागलं.

तेव्हा मार्लिस बाकावर उभी राहिली आणि तिसरीच्या वर्गातला आवाज लावला. "रांगेत! खाली! आत्ता!"

दोन्ही गावं निमूट रांगेला लागली. नव्वदीला आलेले हॅकबार्थ सरसुद्धा, काठी टेकत.

वरून शाळेच्या छताचे पत्रे गेल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळे तळघरातल्या कपडे बदलायच्या खोलीत घामट वासात गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. कोण बैलवाला, कोण कोबीवाला, तिथे निवडत बसायला जागा नव्हती. आर्डिस क्रूगर अजून दाराशीच उभी होती. मार्लिसने गॉर्डीला कोपराने ढकललं.

"सरक रे जरा. ये गं आर्डिस, बस इथे. मक्याच्या लाह्या खा, अजून गरम आहेत."