परक्या तोफेची पूजा

माझा नवरा जहाजावरून नाहीसा झाला, त्या वर्षी सासरे देवळालीहून सिंगापूरला माझ्याकडे आले आणि परत जायला तयार होईनात. नवरा मरीन इंजिनिअर होता. जहाज सामुद्रधुनीतून चाललेलं असताना तो डेकवर गेला, तो केबिनमध्ये परतलाच नाही. शोध झाला, शोध थांबला. कंपनीची माणसं क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटवर आली, हळू आवाजात बोलली आणि चहाला नको म्हणून गेली.

सासऱ्यांना यातलं काहीच मान्य नव्हतं. "इथे बेटं काय थोडी आहेत? उचललं असेल कोळ्यांनी. भाषा येत नसेल, फोन नसेल." ते तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

देवळालीच्या गुरुजींनी फोनवर मला सांगितलं होतं, देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मला ते व्हायला हवं होतं. विधवा व्हायची मला घाई नव्हती, पण लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी गॅस बारीक करून कान द्यायचे, आणि पावलं शेजारच्या दाराकडे वळली की मी ओट्याला धरून उभी राहायचे. मला आशेचा वीट आला होता. मी विषय काढला की सासरे ताटावरून उठून जात. बापाचा होकार नसताना पुढे जायची माझी हिंमत नव्हती.

त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून एका रविवारी मी त्यांना समुद्राकाठच्या टेकडीवर नेलं. मेट्रोची सर्कल लाइन तेव्हा नवी होती, तिकडे जाणं सोपं झालं होतं. त्या टेकडीवर इंग्रजांनी बांधलेली तोफांची बॅटरी, म्हणजे तोफांचं ठाणं, आहे. महायुद्ध संपल्यावर ती ओस पडली, झाडांनी गिळली, आणि पुढे साफसूफ करून तिथे बाग केली. काँक्रीटचे गोल चौथरे, दारूगोळ्याच्या बंद खोल्या, शेवाळलेल्या पायऱ्या आणि चौथऱ्यावर बसवलेली एक तोफ. समोर पाणी, पाण्यात उभी जहाजं.

दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच तिथे जायला लागले. माझी सुट्टी असली की मीही जायचे. ते तोफेजवळ बसून जहाजं बघत. जागोजागी माहितीच्या पाट्या होत्या, पण त्या त्यांनी कधी वाचल्या नाहीत. "पाट्या सिव्हिलियन लोकांसाठी," म्हणायचे. बॅटरी बघून त्यांची छाती फुगायची. "पायदळाला निशाण असतं. आमचं निशाण म्हणजे तोफ. गोलंदाज मरेल, तोफ सोडणार नाही." ते मला ऐकवण्यासाठीच असायचं. मी डबा उघडायचे.

खंडेनवमी आली. पलटणीत त्या दिवशी तोफांची पूजा व्हायची, घरी मात्र त्यांना पूजायला एक जुना पाना आणि विळी. या वर्षी म्हणाले, "इथे साक्षात तोफ असताना विळी कशाला?" मी लिटल इंडियातून झेंडू आणि नारळ आणला. बागेतल्या तोफेला त्यांनी हळदकुंकू लावलं, नळीवर हार घातला, टाचा जुळवून सलाम केला. नारळ चौथऱ्यावर आपटायला हात उचलला, तेवढ्यात फिरायला आलेले एक चिनी आजोबा म्हणाले, "अंकल, हिअर कॅनॉट लाह," म्हणजे इथे फोडायचा नाही. सासऱ्यांनी नारळ निमूट पिशवीत ठेवला. मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

सासरे त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "हिची कथा काय ती वाच बरं. मराठीत सांग."

मी पाटी वाचली आणि सांगत गेले. शत्रू समुद्रावरून येईल म्हणून तोफा पाण्याकडे रोखलेल्या होत्या. तो आला उत्तरेकडून, जमिनीवरून. इंग्रजांनी शरण जाण्याआधी तोफा जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून इथल्या गोलंदाजांनी स्वतःच त्या निकामी केल्या. ही नळी कितीतरी वर्षांनी मातीतून निघाली.

"स्वतःच?"

"हो, बाबा."

त्यांनी नळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "कुमक येणार असती तर कुणी असं केलं नसतं. येणार नाही हे कळलं असणार त्यांना." खिशातून फोन काढून त्यांनी तिथूनच देवळालीला सासूबाईंना लावला. आवाज परेडवरचा होता. "अगं, मी येतोय. सूनबाईपण येईल. गुरुजींना बोलावून ठेव. पोराचं करून टाकू." मग ते दोनदा "ऐकतेस ना?" म्हणाले.

मला जे हवं होतं ते झालं होतं. मी तोफेवरचा हार काढायला गेले, पण गाठ काही सुटेना.

"बाबा, एवढ्यात नको," मी म्हणाले. "अजून थोडे दिवस बघू."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तूच म्हणत होतीस ना?"

म्हणत होते. पण बाबा नाही म्हणत होते, तोवरच मला तसं म्हणता येत होतं.