पेंढ्याचं रेडकू

परवा कुठल्याशा बातमीखाली एकानं कमेंट टाकली होती... 'माणसाचं पार जनावर झालंय.' वाचलं आणि डोकं सणकलं. नववीत मिळालेलं शून्य आठवलं.

सत्त्याण्णव साल, कोल्हापूर. आमच्या चार म्हशी होत्या. संध्याकाळी बाबा त्यातल्या दोन दूध कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचे. वर्गातल्या पोरी मला 'म्हस' म्हणायच्या. म्हणू देत... त्यांच्यापेक्षा म्हशींचं मला जास्त कळायचं.

मराठीला एक कविता होती. जंगलातले प्राणी सभा भरवतात आणि माणसाविषयी तक्रारी मांडतात. 'कवितेतून मानवी स्वभावाबद्दल काय सुचवले आहे?' हा हमखास येणारा प्रश्न. बाईंनी उत्तर लिहून दिलं होतं... विवेक सुटला की माणूस पशू बनतो. सगळ्यांनी ते घोकलं.

मी चाचणीत वेगळंच लिहिलं. आमच्या चंद्रीचं रेडकू मेलं. ते दिसल्याशिवाय ती पान्हा सोडेना. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. ती बिचारी रोज त्याला चाटते आणि दूध देते. कुठलंही जनावर दुसऱ्याच्या लेकराचं असं करत नाही, हे माणसालाच सुचतं. म्हणून वाईट माणसाला पशू म्हणू नये, माणूसच म्हणावं.

शून्य मिळालं. वर हुकूम... हे खोडून बरोबर उत्तर लिही, नाहीतर वडिलांना घेऊन ये. मी खोडलं नाही. पण बाबांना शाळेत आणायची भीती वाटत होती, कारण तो पेंढा त्यांनीच भरला होता... आणि मी ते पेपरात लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाबा गोठ्यातनं तसेच आले, अंगाला शेणाचा वास. चौथी शिकलेला माणूस, शाळेत आला की आपोआप वाकून उभा राहायचा. बाईंनी अख्खं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. बघा, मुलगी तुमच्याविषयी काय लिहिते, असंही म्हणाल्या.

मी बाबांच्या चपलांकडं बघत होते. आता कानाखाली बसणार, अशी खात्रीच होती.

"खरं हाय की बाई," बाबा म्हणाले. "पेंढा मीच भरलाय." मग माझ्याकडं वळले. "खोडायचं न्हाय."

मार्क मिळणार नाहीत, असं बाईंनी बजावलं. नका देऊ, म्हणाले आणि निघाले. जाताना वाकलेले नव्हते.

त्या संध्याकाळी काही चमत्कार झाला नाही. आमचं घर दुधावर चालायचं. बाबांनी पेंढ्याचं रेडकू उचलून चंद्रीपुढं ठेवलं. फक्त ती चाटायला लागली तशी त्यांनी मान फिरवली... आणि धार निघेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

तेव्हा मला कळलं, माझं उत्तर अर्धंच होतं. फसवणारा माणूस असतो, आणि फसवल्याची लाज वाटते तोही माणूसच. दोन्ही आपलंच आहे... उगाच जनावरांच्या माथी मारू नका.

बाबा आता नाहीत. तो पेपर आहे. त्यावरचं शून्य तसंच आहे आणि उत्तरही... अजून खोडलेलं नाही.